आठ रविवारांचा टप

"अहो, बघताय काय नुसते? ती बाजू धरा की!"

लिफ्टवाल्याने आधी मागे वळून पाहिलं. हाक दुसऱ्या कुणाला तरी असणार, असं त्याला वाटलं. मागे भिंत होती. म्हणजे हाक त्यालाच होती... आणि गंमत अशी, की तो या वेळी लिफ्टजवळ नव्हता, तरी कुणीतरी त्याला बोलावत होतं.

आवारात एक गाडी उभी होती. कधीकाळी मोठ्या घरची लेक असावी आणि आता दिवस फिरले असावेत, अशी. लांबी एवढी, की पुढच्या चाकाला ठेच लागली तर मागच्याला दुसऱ्या दिवशी कळावं. वरचा टप कापडी, बटन दाबलं की आपोआप मिटणारा-उघडणारा. निदान गाडी नवी असताना तसा होता म्हणे. आत्ता तो मागे घडी होऊन पडला होता, गच्चीवरची टाकी भरून वाहत होती, आणि चार मजल्यांवरून पाण्याची धार थेट ड्रायव्हरच्या सीटवर कोसळत होती. एक बाई एका बाजूने तो टप ओढत होती. नखशिखांत भिजलेली, दात-ओठ खात.

लिफ्टवाल्याने हत्यारांची पिशवी खाली ठेवली आणि दुसरी बाजू धरली.

"दोन्ही बाजू बरोबर वर जायला हव्यात," ती म्हणाली. "नाहीतर तिरका होऊन अडकतो. मागे माझ्या दादाने जोर दाखवला, तर तीन दिवस वाकडं तोंड करून बसला होता. टप. आणि दादापण. मी तीन म्हटलं की उचला. एक... दोन..."

"तीन म्हणताना उचलायचं, की म्हणून झाल्यावर?"

तिने त्याच्याकडे पाहिलं. भुवईवरून पाण्याचा एक थेंब नाकाच्या शेंड्यावर आला, तिथे जरा थांबला, मग पडला.

"म्हणताना," ती म्हणाली.

टप उठला, पुढे आला, काचेच्या वरच्या पट्टीवर टेकला. तिने आतून कडी लावली.

"उपकार झाले. तुम्ही कोण?"

"लिफ्टवाला. दुरुस्तीचा. तुमचे सेक्रेटरी आत अडकले होते."

"सोडवलंत?"

"हो."

"कशाला?"

लिफ्टवाला हसला. किती महिन्यांनी हसला कोण जाणे, जबडा गंजलेल्या बिजागरीसारखा कुरकुरला. ते ऐकून तीही हसली. पण दोघांचंही हसणं लगेच संपलं, दिवसभर राबलेल्या माणसांचं संपतं तसं.

ती नोकरी करायची कपडे धुण्याच्या यंत्रांच्या एका कंपनीत, फोनवर तक्रारी घेण्याची. खिडकी नसलेली खोली, कानाला हेडफोन, आणि दिवसाला ऐंशी जणांच्या शिव्या. यंत्र तिने बनवलेलं नसायचं, विकलेलं नसायचं. पण सदरे आटायचे ते तिच्याच नावाने. संध्याकाळी बसमध्ये शेजारच्याने "सरका" म्हटलं तरी ती म्हणायची, "आपली गैरसोय झाल्याबद्दल क्षमस्व." अशाच एका संध्याकाळी तिला ही गाडी दिसली. जुन्या गाड्यांच्या दुकानात सगळ्यात मागे, मागच्या सीटवर कबुतराचं घरटं. टप बंद होत नाही म्हणून मातीमोल भावात देत होते. तिला मात्र नेमकं तेच हवं होतं. डोक्यावर काही नसलेली बसायची जागा.

"मी स्वतः दुरुस्त करणार आहे," ती केस पिळत म्हणाली. "रद्दीच्या दुकानात हिच्या दुरुस्तीचं पुस्तकही सापडलंय, कुठल्या भाषेतलं देव जाणे, पण चित्रं छान आहेत. उघडायला मी एकटी पुरते. बंद करायला मात्र... तुम्ही रविवारी काय करता?"

"झोपतो."

"अच्छा..." ती म्हणाली, आणि तो 'अच्छा' इतका दमलेला होता, की लिफ्टवाला स्वतःलाच नवल वाटेल अशा घाईने म्हणाला, "पण झोप कुठे लागते!"

पहिल्या रविवारी त्यांनी घरटं काढलं. अंडी नव्हती, पण तिने ते उचलून गच्चीच्या कठड्यावर नेऊन ठेवलं. दुसऱ्या रविवारी टपाची बारी आली. ती चहा आणायला वर गेली आणि लिफ्टवाल्याने डिकी उघडली.

लिफ्टच्या माणसाला एक गोष्ट झोपेतही ठाऊक असते. जे हलत नाही, त्याचं बहुतेक कुठलं तरी दार नीट लागलेलं नसतं. डिकीत एक फळी होती, सामान इकडे आणि घडी झालेला टप तिकडे ठेवणारी. फळी खाली नीट बसली नाही, की टपाला वाटायचं आपल्या जागेत सामान आहे, आणि तो हटून बसायचा. आणि ती बसत का नव्हती? आधीच्या मालकाची छत्री तिच्याखाली आडवी पडली होती. उघड्या टपाची गाडी घेणाऱ्याने छत्री बाळगावी, आणि त्या छत्रीनेच टप उघडा ठेवावा!

त्याने छत्री उपसली. फळी दाबली. टक. पुढे जाऊन बटन दाबलं... आणि टप झोपमोड झालेल्या सिंहासारखा गुरगुरत वीतभर वर उठला.

पंधरा मिनिटांचं काम. झालं.

जिन्यावर तिची पावलं वाजली. कपबशांची किणकिण. लिफ्टवाल्याने जिन्याकडे पाहिलं. काम झालं की तो निघतो. सोडवलेली माणसं मागे वळून बघत नाहीत, हे तो चौदा वर्षं बघत होता.

त्याने बटन उलटं दाबलं. टप निमूट खाली गेला. फळी उचलली, छत्री होती तशी आडवी ठेवली, डिकी लावली.

"सापडलं काही?" तिने विचारलं.

"अं... बघावं लागेल," तो म्हणाला. "किचकट आहे."

आणि ते किचकट पुढे सहा रविवार चाललं.

त्याने पाप धुवायला म्हणून की काय, गाडीचं बाकी सगळं जीव ओतून केलं. खिडक्यांच्या काचा वर चढू लागल्या. दिव्यांचा मोतीबिंदू घासून काढला. बॅटरी बदलली, तेल बदललं, सीटची उसवलेली शिवण तिने जाड सुईने घातली, आणि सुई बोटात गेली तेव्हा त्याने खिशातली पट्टी काढून दिली.

"खिशात पट्ट्या घेऊन फिरता?"

"रोजच काहीतरी कापतं."

"दाखवा हात."

त्याने दाखवला. तिने तळवा उलटासुलटा करून पाहिला, भाजीवालीकडचं वांगं बघावं तसा, आणि म्हणाली, "किडका आहे... पण ठेवून घ्यायला हरकत नाही."

"काय, हात?"

"नाही तर काय!" ती गाडीखाली शिरली. फक्त पावलं बाहेर राहिली, आणि त्या पावलांची बोटं मात्र उगाच हलत होती.

काम संपलं की दोघं टपाच्या दोन बाजूंना उभे राहायचे. एक, दोन, आणि तीन म्हणताना. त्या क्षणी दोघांची नजर टपावरून एकमेकांना भिडायची. बंद करायला कुणीही दोघं चालले असते, पण ते आपल्यालाच जमतं, असं आता दोघांनाही वाटू लागलं होतं.

वरून वहिनी ओरडायची, "वन्सं, टप लागला का?"

"नाही गं अजून!"

"मग सूत तरी जुळलं का?"

"वहिनी!"

दादाला यातलं काही गोड लागत नव्हतं. "तुझी अक्कल चरायला गेली होती ते धूड घेतलंस तेव्हा," तो येता-जाता म्हणायचा. "दोन महिने झाले, एक टप लागत नाही. लोकांच्या तक्रारी घेता घेता घरात एक तक्रार आणून ठेवलीस." सेक्रेटरींनीही फळ्यावर लिहिलं, न चालणाऱ्या गाड्या महिनाअखेर हलवा. फळ्यावर 'गाड्या' असं अनेकवचन होतं; आवारात तशी एकच होती.

आठव्या रविवारी लिफ्टवाला आला, तर टप उघडून ती गाडीला टेकून उभी होती. हातात फडकं नाही, पाना नाही.

"आज काही करायचं नाही," ती म्हणाली. "चार वाजता भंगारवाला येतोय. दादाने बोलावलंय."

"भंगार? पण गाडी तर... सगळं झालंय हिचं!"

"टप सोडून. उघडी ठेवली तर सडेल, बंद करायला दर वेळी तुम्हाला कुठून आणू? आणि टप किचकट आहे, तुम्हीच म्हणता." तिने बॉनेटवरून हात फिरवला. "मलाच हौस नडली. माझ्या डोक्याबाहेरचं होतं हे. जाऊ दे."

तो 'जाऊ दे' लिफ्टवाल्याच्या काळजात पाचर मारल्यासारखा बसला. तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"पाणी मिळेल का प्यायला?" तो म्हणाला.

ती वर गेली. त्याने डिकी उघडली, छत्री काढून भिंतीआड फेकली, फळी दाबली. टक. ती पाणी घेऊन आली तेव्हा तो भोळ्या चेहऱ्याने उभा होता. "शेवटचं एकदा बटन दाबून बघा."

तिने दाबलं.

टप उठला. कुणाचाही हात न लागता, दोन्ही बाजूंनी अगदी सारखा, राजाने शेला अंगावर ओढून घ्यावा तसा डोक्यावरून पुढे आला आणि टेकला. तिने पुन्हा दाबलं. उघडला. पुन्हा. लागला. पाण्याचा तांब्या तिच्या हातातून कधीच खाली गडगडला होता. वहिनीने गॅलरीतून टाळ्या वाजवल्या. दादा बनियनवरच खाली आला, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाला, "मानलं बुवा लिफ्टवाले तुम्हाला! थांबा, त्या भंगारवाल्याला नको म्हणून सांगतो."

दादा वर गेला. तिने लिफ्टवाल्याचा हात धरला. पट्ट्या लावलेला, तोच. डोळे भरले होते.

"तुम्ही नसतात ना, तर..."

"मी नसतो तर सहा आठवड्यांपूर्वी लागला असता," लिफ्टवाला म्हणाला.

म्हणायचं नव्हतं. पण इतकं कौतुक त्याने जन्मात कधी घेतलं नव्हतं, ते त्याला पचलं नाही. मग त्याने सगळं सांगितलं. फळी, छत्री, वीतभर उठलेला टप, जिन्यावरची पावलं. ती ऐकत राहिली. हात तिने सोडला... हळूच, भांडं खाली ठेवावं तसा.

"आठ रविवार," ती म्हणाली.

"सात. पहिल्या रविवारी खरंच माहीत नव्हतं."

"बसा गाडीत."

"मी जातो ना..."

"बसा म्हटलं ना!"

तो बसला. तिने टप उघडला, गाडी सुरू केली, आणि ते धूड दोन महिन्यांत पहिल्यांदा फाटकाबाहेर पडलं. सेक्रेटरींच्या अंगावर धूळ उडाली. ते खोकत बघत राहिले. वारा तिचे केस त्याच्या तोंडावर फेकत होता आणि ते बाजूला करायचीही त्याची हिंमत नव्हती. घरं विरळ झाली, मग संपली. तलावाच्या बांधावर एका झाडाखाली तिने गाडी थांबवली आणि त्याच्याकडे वळली.

मग ती बोलली. वर्षानुवर्षं ऐकून घेतलेलं सगळं तिच्या तोंडून त्या दिवशी बाहेर पडलं. झाडावरचे बगळे उठून पलीकडच्या काठावर जाऊन बसले. "मला वाटलं मीच मूर्ख! दादा रोज बोलायचा आणि मी ऐकून घ्यायची, कारण मला वाटायचं खरंच आहे त्याचं! आणि तुम्ही समोर बसून चहा पीत होतात! माझ्या हातचा! दोन-दोन कप! लबाड! आज गाडी गेली असती तर?"

लिफ्टवाला ऐकत होता. त्यालाही रोज शिव्या पडायच्या, पण त्या लिफ्टला असायच्या. तो नुसता समोर असायचा. हे मात्र त्याचं होतं. शब्दन् शब्द त्याचाच होता. मान खाली घालून त्याने सगळं घेतलं.

शेवटी तिचा आवाज बसला.

"बोला ना काहीतरी," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "बाजू मांडा. लोक मांडतात."

"बाजू नाही. चुकलंच," तो म्हणाला. "तुमच्या दादांना मी सांगेन, अक्कल कुणाची चरायला गेली होती ते. फक्त... टप लागला असता तर मला यायला कारण उरलं नसतं. अडकलेलं काहीच नसताना मी कुठे गेलोच नाही कधी. कसं जायचं असतं तेच माहीत नाही."

पाण्यावरून थंड वारा आला. तिने सीटवर पाय वर घेतले.

"पुन्हा असं केलंत तर सेक्रेटरींसकट तुम्हाला लिफ्टमध्ये कोंडीन."

"पुन्हा म्हणजे... पुन्हा यायचं?"

"रविवारी काय करता?"

"झोपतो... म्हणजे, येतो."

"या. काम काही नाहीये. नुसतं या." ती थांबली. "आणि मला 'तुम्ही' म्हणू नका आता. इतक्या शिव्या दिल्यावर कसंतरी वाटतं."

"तू..." लिफ्टवाल्याने म्हणून बघितलं. शब्द जरा घट्ट होता, पण बसला. "तू दमलीस."

"तूही."

तिने सीटची कळ ओढली. पाठ मागे झुकली. त्यानेही ओढली. वर पानं होती, पानांच्या वर आभाळ, मध्ये काही नव्हतं. तिने न बघता हात पुढे केला आणि त्याचा हात सापडेपर्यंत चाचपला.

प्रेमात पडलं की झोप उडते म्हणतात. या दोघांची, भर दुपारी चार वाजता, लागली. तिचा फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला; दादा असावा. बगळे एकेक करून परतले. गुराखी गुरं घेऊन बांधावरून गेला, एक गाय थांबून दारावरून आत डोकावली, हुंगली आणि पुढे गेली. दोघांपैकी कुणालाही जाग आली नाही. लिफ्टवाला घोरत होता, आणि तिने झोपेतच, डोळे न उघडता, त्याची मान हलकेच दुसऱ्या बाजूला वळवली.