हातातला दोर

दुष्काळाचं ते दुसरं वरीस. दूध संघानं वडवणीच्या रस्त्याला गुरांची छावणी घातली होती. माणसं महिनोन्‌महिने गुरांपाशी बसून आंबून गेली होती, म्हणून संघाचे चेअरमन उत्तरेश्वर यांनी भिवराबाईंना गायला बोलावलं.

भिवराबाई पासष्टीच्या. बीडहून एसटीनं आल्या, दुपारी चारच्या सुमारास सतरंजीवर बसल्या, एकतारी मांडीवर घेतली. बायका पाया पडून गेल्या. एकीनं तर आपल्या तापलेल्या लेकराच्या कपाळाला त्यांच्या पदराचं टोक लावलं. हे नेहमीचंच होतं. बहात्तरच्या दुष्काळात भिवराबाईंची नऊ वर्षांची लेक विहिरीत गेली. त्यावर त्यांनी गाणं रचलं, आणि त्या एका गाण्यासाठी लोक त्यांना चाळीस वर्षं देवीसारखं मानत आले. बाई काळजातून गाती, म्हणत. पण काळजातून गाऊन किती वर्षं लोटली ते भिवराबाईंनाच ठाऊक. आवाज कुठं फोडायचा, पदर कधी डोळ्याला लावायचा, सगळं अंगवळणी पडलं होतं. त्या थकल्या होत्या. लवकर उरकावं आणि सहाची गाडी धरावी, एवढंच मनात होतं.

समोर, अगदी पुढं, आश्रुबा बसला होता. मेंढरं राखणारा हा माणूस त्यांचा एकही कार्यक्रम चुकवत नसे. 'पाय घसरला लेकीचा' ही ओळ आली, की तो पटक्याचं टोक डोळ्याला लावायचा. मग भिवराबाई त्याच्याकडं बघून आवाज कापरा करायच्या.

आज ती ओळ आली. मागं बायका मुसमुसल्या. आश्रुबा कोरडाच.

"बाई," तो हळूच म्हणाला, "खरं म्हणा."

बाकी कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. भिवराबाईंनी तीच ओळ पुन्हा घेतली, जास्त जीव लावून. त्यानं मान हलवली.

"खरं... म्हणा."

चाऱ्याला टाकलेल्या उसाच्या वाढ्यांचा आंबूस वास एकाएकी दाटून आला. गुरांच्या गळ्यातल्या घंटा वाजायच्या थांबल्या. शेकडो जनावरं रवंथ सोडून सतरंजीकडं बघत होती.

खरं त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं, नवऱ्यालासुद्धा नाही. विहिरीच्या तळाला वाटीभर पाणी झिरपायचं. ते भरायला पोरीच्या कमरेला दोर बांधून त्यांनीच तिला खाली सोडलं होतं. दोन दिवसांच्या उपाशी हातांतून दोर सुटला. पाय घसरला, असं गावाला सांगितलं, आणि पुढं तेच गाण्यात आलं.

त्यांनी एकतारी खाली ठेवली. बसक्या, बेसूर आवाजात त्या म्हणाल्या,

"पाय न्हाई घसरला लेकीचा... दोर माझ्या हातून सुटला..."

त्यांना स्वतःचं रडू ऐकू येत होतं. कितीतरी वर्षांनी ते आपोआप आलं होतं. आश्रुबानं पटका डोळ्याला लावला. मग उठला आणि गुरांच्या रांगांमधून निघून गेला.

माणसं पांगल्यावर एक म्हातारी जवळ आली. कपाळ मोकळं. "मी छबुबाई. आश्रुबाची बायको."

"आत्ताच उठून गेले की ते..."

छबुबाई त्यांच्याकडं बघत राहिली. "संक्रांतीला वारले, बाई. तुमाला कळवायचं राहून गेलं."

छबुबाई खाली बसली.

"लई भक्ती होती तुमच्यावर. पण गाण्यासाठी न्हवते रडत ते. म्हणायचे, बाईच्या शेजारी एक पोर येऊन बसती. वल्ला परकर नेसलेली. तिच्याकडं बघून रडायचे. मरायच्या आधी लई घोर लागलता त्यांना. म्हणायचे, ती आता बाईकडं पाठ करून बसती."

"आन् आज...?" भिवराबाईंनी कसंबसं विचारलं.

"मला कुठं दिसतंय, बाई."

एवढ्यात पलीकडचं एक तहानलेलं वासरू दावं तोडून सतरंजीवर आलं. भिवराबाईंच्या अगदी मांडीलगत, जिथं कुणीच बसलं नव्हतं, तिथल्या ओल्यात तोंड घालून ते चाटायला लागलं. कितीतरी वेळ ते चाटत होतं, आणि सतरंजी काही वाळत नव्हती.