निकेतच्या माडाचा खून

"आमच्या माडाचो खून झालो. लिवून घेवा."

मालवणच्या पोलीस ठाण्यात सकाळी सकाळी हे वाक्य ऐकून ठाणे अंमलदाराचा चहा नाकात गेला. मागे बसलेले दोघे शिपाई हसले. ठाण्यात हसू नये असा काही कायदा नाही, पण हसण्याआधी समोरच्या माणसाचं तोंड बघावं, एवढी तरी रीत आहे. म्हाताऱ्या बाबू मोंडकरांच्या तोंडाकडे बघितलं ते फक्त हवालदार सारिका कुबलने. ती हसली नाही.

"बसा काकानु. कोणी मारल्यान माड?"

"सुनेन."

मग बाकीचेही हसायचे थांबले.

बाबूंनी खिशातून काळपट राळेचा गोळा काढून टेबलावर ठेवला. होडीच्या फटी बुजवायला वापरतात ती राळ. माडाच्या बुंध्याला गिरमिटाने भोक पाडून आत विषारी औषध ओतलेलं होतं आणि वरून या राळेने भोक बुजवलेलं होतं. बाबूंचा सगळा जन्म होड्या दुरुस्त करण्यात गेलेला. गिरमिट त्यांचं, राळही त्यांचीच.

"सुनेवरच कित्याक संशय?"

"तिका छपरार सोलार होयो होतो. माडाची सावली आड येय होती. आज सांजेक वाडी आमच्या खळ्यात जमतली. तिका माहेराक शिरोड्याक धाडूचा ठरला हा."

"आणि तुमका काय होया?"

"माका? माका माझो माड होयो, बाय."

सारिकाने टोपी उचलली. संध्याकाळपर्यंतच वेळ होता. एकदा का एखादी बाई 'नवऱ्याचा माड मारणारी' म्हणून वाडीतून गेली, की मग खरं काय ते कळूनही उपयोग नसतो. बदनामीला परतीची बोट नसते.

मोंडकरांचं घर मालवणच्या दक्षिणेला, खाडी आणि समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या पट्टीवर. घरासमोर माड एकच. निकेत जन्मला तेव्हा त्याची नाळ ज्या खड्ड्यात पुरली, त्याच खड्ड्यात हे रोप लावलेलं. पोर आणि माड बरोबरीने वाढले. पोराचं लग्न झालं, माडाला नारळ धरले. मग एका अवकाळी वादळात निकेतची होडी गेली. फळ्या किनाऱ्याला लागल्या, माणूस लागला नाही.

शोध थांबला त्या दिवशी त्याची आई सुभद्राबाई माडाच्या बुंध्यावर हात ठेवून सगळ्या वाडीसमोर म्हणाली होती, "जोवर माड जिवंत आसा, तोवर माझो झील जिवंत आसा." झालं. त्या एका वाक्यावर सून आकांक्षाचं कुंकू राहिलं, मंगळसूत्र राहिलं आणि तीही राहिली. बेपत्ता माणूस मेला असं समजायची कायद्याची वर्षं उलटून गेली, पण आईपुढे कायदा कोण काढणार?

आता तो माड उभ्याउभ्या मेला होता. झावळ्या खाली लोंबत होत्या. मधला कोवळा कोंब कुजून कलंडला होता.

भोक बघायला सारिकाला गुडघे टेकून वाळूत बसावं लागलं. ते तसं बसणं तिच्या लक्षात राहिलं.

आकांक्षा मागच्या पडवीत होती, मासळीच्या फ्रीझरशेजारी. उरलेले बांगडे, सुरमई स्वस्तात घ्यायची, साठवायची आणि होमस्टेवाल्यांना विकायची, यावर तिने तिघांचं घर चालवलं होतं. दारात तिची पिशवी भरून ठेवलेली होती. तिने स्वतः भरली नव्हती.

"तू केलंस?"

"नाय."

"सोलार तुका होयो होतो?"

"होयो होतो. मे महिन्यात ह्या फ्रीझराचा बिल बघलास तर घाम फुटात. सरकार अनुदान देता, बँक कमी व्याजान कर्ज देता. छप्पर आमचा, ऊन देवाचा. म्हणान त्या सोलारवाल्या विनीतांका बोलावलंय."

"माड पिवळो कधी पडलो?"

"दसऱ्याच्या सुमाराक."

"त्याच्या आधी घरात काय वेगळा घडला?"

"काय नाय." तिने फ्रीझरचं झाकण लावलं. "चवथीक माटवेक बाजारातलो नारळ बांधलो, तेवढाच. दरवर्षी गणपतीच्या वर माटवेक ह्याच माडाचो नारळ बांधतंव. यंदा आई म्हणाली, कुडाळच्या बाजारातसून हाड."

"कित्याक?"

"आईक मी काय इचारनंय नाय."

हे ती तक्रार म्हणून बोलली नाही. पाणी खारट असतं तसं बोलली.

शेजारी परशुरामचा होमस्टे. त्याचा आणि या माडाचा जुना दावा. पडणाऱ्या नारळांनी त्याच्या पडवीचे पत्रे फुटत. सारिकाने त्यालाही सोडलं नाही.

"माड मेलो. आता तुमचे पत्रे वाचले."

"अहो मॅडम, पत्रे बदलता येतत. माड मारणाऱ्याच्या घराक दिवो लागना नाय, ह्या माका कळता." तो दुखावला होता. "आणि यंदा पत्र्याचो तरास पण कमी झालो. म्हातारी पडलेलो नारळ पडल्याबरोबर उचली आणि वाळूत खड्डो खणून पुरी."

"पुरी? नारळ?"

"तर! बारकी बोंडा सुद्धा. माझ्या नातीन एक शहाळा उचलल्यान, तर तिच्या हातातसून हिसकावन घेतल्यान. पोर रडाक लागला. दरवर्षी तीच म्हातारी हाक मारून पोरांका शहाळी दिय. खुळावली बिचारी."

"ह्या कधीपासून?"

"चवथीच्या आधीपासून."

कोकणात माणूस रागाने ताट भिरकावील, पण नारळ पुरणार नाही. खोबरं स्वयंपाकाला, करवंटी चुलीला, सोडण दोरीला. नारळातलं टाकायचं काय, हाच प्रश्न.

सोलारवाला विनीत कुडाळचा. शेजारच्या वाडीत एका छपरावर पॅनेल बसवत होता. वर्दी बघून तो खाली उतरला आणि कचेरीतल्यासारखं बोलू लागला.

"माडाची सावली आड येते, असं तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं. दुपारनंतर समोरच्या छपरावर सावली पडते. एका पॅनेलवर सावली आली की बाकीचीही ढेपाळतात. पण ती अडचण मी त्याच दिवशी सोडवली होती, मॅडम. मागच्या स्लॅबवर दिवसभर ऊन आहे. तिथे चुन्याने जागा आखून दिली. माडाला हात लावायची गरजच नव्हती."

"हे कोणाकोणाला माहीत होतं?"

"आकांक्षाताई आणि त्यांच्या सासूबाई, दोघी होत्या. काका होडीच्या कामावर गेले होते."

"मग काम अडलं कशाने?"

"नावाने. मीटर निकेत मोंडकरांच्या नावावर आहे. ज्याच्या नावाचं मीटर, त्याचाच अर्ज आणि त्याच्याच खात्यात अनुदान. मी विचारलं, हे कुठे आहेत, त्यांना बोलवा." विनीतने मान खाली घातली. "मला काही माहीत नव्हतं हो. आकांक्षाताईंनी सासूबाईंकडे बघितलं. शाळेतलं पोर मास्तरांकडे बघतं ना, उत्तर देऊ का म्हणून, तसं. मग म्हणाल्या, बोटीवर आहेत."

"आणि सासूबाई?"

"उठल्या आणि आत गेल्या. श्रावणातली गोष्ट. परत मला फोन आला नाही."

परतीच्या वाटेवर सारिकाने गाडी हळू चालवली. कोणी केलं ते तिला कळलं होतं. ते सांगावं लागणार, याचा तिला मनापासून राग आला होता.

सूर्य टेकला तेव्हा घरापुढचं खळं माणसांनी भरलेलं होतं. बाबू पायरीवर बसले होते. आकांक्षा पिशवी पायाशी घेऊन उभी. सुभद्राबाई माडाच्या मुळाशी, रोज बसे तशी, बुटक्या पाटावर. तिचे गुडघे कामातून गेलेले; उभं राहून तिला फार काही करता येत नसे.

"सून माहेराक जायच्या आधी माझा ऐकून घेवा," सारिका म्हणाली. "माड सावलीसाठी मारलो असा तुम्ही म्हणतास. पण पॅनेल मागच्या स्लॅबवर बसणार होते. थय सावली जाय नाय. आकांक्षाक ह्या माहीत होता. मग ती माड कित्याक मारीत?"

खळ्यात कुजबुज झाली. बाबूंनी मान वर केली. "माका ह्या कोणी सांगूक नाय."

"दुसरा. उभ्या माणसान गिरमिट चालवल्यान तर भोक छातीकडे पडता. ह्या गुडघ्याच्याय खाली आसा. ज्याणी पाडल्यान तो बसून होतो."

परशुरामची नजर पाटाकडे गेली आणि लगेच परत आली.

"तिसरा. दसऱ्यापर्यंत माड हिरवो होतो. कोणाक शंका नाय. पण एका माणसाक चवथीच्या आधीच माहीत होता, की ह्या माडाचो नारळ आता देवाक चालाचो नाय आणि पोरांच्या पोटात जाता नये. म्हणान माटवेक बाजारातलो नारळ इलो. पडलेली बोंडा वाळूत गेली. लहान पोराच्या हातातला शहाळा हिसकावन घेतला गेला." सारिकाचा आवाज उतरला. "माड मारणाऱ्यान दुसऱ्या कोणाच्या केसाक धक्को लावक नाय. होय ना, काकी?"

सुभद्राबाईने बुंध्यावरचा हात काढला नाही.

"होय. मिया मारलंय."

बाबू उठले, दोन पावलं चालले आणि तिथेच वाळूत बसले.

"निकेताचो माड गो," ते म्हणाले. "कित्याक?"

"त्या सोलारवाल्यान इचारल्यान, निकेत खंय आसा. चेडू माझ्याकडे बघूक लागला. खोटा बोलूक माझी परवानगी मागी होता." ती आकांक्षाकडे बघत नव्हती. "तेव्हा माका दिसला, मी काय करून ठेवलंय. माझा दुःख तेच्या गळ्यात बांधलंय. माड उभो आसा तोवर तेका सुटका नाय. माड आपसूक मेलो, म्हणजे निकेत गेलो, असा वाडी म्हणात. चेडू मोकळा होयत."

"तोंडान सांगूचा होता, काकी. जा, तू मोकळी. एवढाच."

"बसलंय सांगूक. कितीदा बसलंय. पण तेच्यासाठी आधी 'माझो झील मेलो' म्हणूचा लागता ना गो? तां माझ्या तोंडात येयना." म्हातारी पहिल्यांदा रडली. "जां तोंडान जमला नाय, तां हातान केलंय."

"आणि सुनेचा नाव इला, तेव्हा गप्प?"

"मी मारलंय म्हटलंय असता, तर माड आपसूक मेलो असा कोण म्हणात? चेडू परत बांधला गेला असता. म्हटलंय, रागान जायत, पण जायत तरी."

"बदनाम होवन?"

मायेने आंधळं झालेल्या माणसाला बदनामी दिसत नाही.

आकांक्षा पुढे आली. सगळ्यांना वाटलं, आता ही सासूच्या गळ्यात पडणार. ती पडली नाही. ती संतापली होती.

"माका इचारल्यात तुम्ही? एकदा तरी? तुम्ही सकाळी माडाकडे बसास. मी दुपारी बसय होतंय, तुम्ही निजलास काय. आज बांगडो किती गावलो, बिल किती इला, सगळा ह्याका सांगय होतंय. तुमचो झील होतो, आई. माझो कोण होतो?"

तिने बुंध्याला मिठी मारली आणि मग वर्षानुवर्षं दाबून ठेवलेलं रडू बाहेर आलं. वाडीतली माणसं एकेक करून उठली. निकाल द्यायला आलेले पंच चपला शोधू लागले. परशुरामने जाता जाता ती पिशवी उचलून घरात नेऊन ठेवली.

बाबूंनी तक्रार मागे घेतली. सारिकाने ती फाडली आणि गाडीतून एक जुनी फाईल आणली. निकेत बेपत्ता झाल्याची. कोर्टाकडून मृत्यू नोंदवून घ्यायचा, मीटर आकांक्षाच्या नावावर करायचं, तर आधी घरच्यांचा जबाब हवा. आज नको म्हणून ती फाईल परत मिटत होती, तेव्हा सुभद्राबाईनेच तिचा हात धरला.

"आजच इचार. उद्या माका जमाचा नाय."

पडवीत दिवा लावला. सारिका कचेरीतल्या मराठीत बोलली. असल्या वेळी तेच सोपं जातं.

"निकेत बाबू मोंडकर सध्या कुठे आहेत?"

आकांक्षाने सवयीने सासूकडे बघितलं.

सुभद्राबाईने तिचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला. ओठ हलले, थांबले, पुन्हा हलले.

"माझो झील मेलो," ती म्हणाली. "लिव गो, बाय."