सहायक प्राध्यापक, पद एक

"तुमच्या डब्यात भात आहे का?"

अनोळखी माणसाला इतका निर्लज्ज प्रश्न मी कधी विचारला नव्हता. पण काय करणार? गोंदियाच्या मेडिकल कॉलेजात मुलाखतीआधीची कागदतपासणी सुरू होती, माझ्या अर्जावरचा फोटो निघाला होता आणि बाबूकडचा गोंद वाळून गेलेला. आमच्या धानाच्या मुलखात अशा वेळी शितंच कामी येतात.

त्याने डबा पुढे केला. "घ्या. भाजी बी लावता का फोटोले?"

हसू दाबून मी दोन शितं चिरडली. तेवढ्यात त्याचा अर्ज दिसला. डॉ. योगराज, सहायक प्राध्यापक, सिकलसेल संशोधन. माझीच जागा… कॉलेजाने काढलेली एकुलती एक!

"तुम्हीसुद्धा?"

"हो ना. आपल्याच हातानं मी मुकाबल्याची तयारी करून देऊन राहिलो."

माझा नंबर सतरावा, त्याचा अठरावा. चार तास शेजारी बसून आम्ही भांडलो, हसलो, डबा संपवला. त्याचे ते मिश्कील डोळे… छे, असे डोळे मुलाखतीच्या दिवशी दिसू नयेत. माझी ही तिसरी मुलाखत होती. ही गेली की पुण्याच्या खासगी कॉलेजात जायचं, असं घरी कबूल करून आले होते. नवेगाव बांधची माझी माणसं सिकलसेल या रक्ताच्या आजाराने कण्हत असताना मला कुठेही जायचं नव्हतं.

आत तिघांच्या समितीने विचारलं, "गावकरी तपासणीला येतील?"

"बोलावून नाही येणार, सर. तलावाचं पाणी सोडतात त्या दिवशी सगळं गाव बांधाच्या पाळीवर जमतं. मी तिथेच टेबल मांडेन."

तिघांनीही माना वर केल्या.

चार वाजता यादी लागली. निवड माझी. प्रतीक्षा यादीत पहिला योगराज.

"तुम्ही रुजू नाही झाल्या तं मले मिळते," तो म्हणाला.

"मी उद्याच रुजू होऊन राहिले."

"व्हाच. तुमचाच हक्क हाय." मग जरा अडखळून, "तुमचं कार्ड… काय हाय?"

माझे कान तापले. आमच्याकडे हल्ली पत्रिकेआधी सिकलसेलचं कार्ड विचारतात. दोघंही वाहक असले तर लेकरांना आजार होण्याची भीती असते.

"मी वाहक आहे," मी सरळ सांगितलं. "दोन स्थळं तेवढं ऐकूनच परत गेली."

त्याने पाकिटातून आपलं कार्ड काढून माझ्या हातात ठेवलं. नॉर्मल.

"म्हणजे लेकरांले आजार होत नाही," म्हणताना तो लाजून लाल झाला. "म्हणजे… डॉक्टर म्हणून सांगून राहिलो."

"डॉक्टर मीही आहे. योगराज म्हणून सांगा."

"आवडल्या तुम्ही मले. लय आवडल्या."

एकाच दिवशी माणसाला किती मिळावं! मी घरी फोन लावला. "बाबा, जागा मिळाली. मी इथेच राहणार." पलीकडे आईला हाका मारत बाबा रडायलाच लागले.

मी फोन योगराजच्या हातात दिला.

"बाबा, एक मिनिट. पुढचं हे सांगतील."