किलब्रॅकची गोधडी

आयर्लंडमधील टॅला येथील उल्का दामले यांच्या बैठकीच्या खोलीत देवयानी येऊन बसली, तेव्हा तिच्या ओल्या कोटातून गालिच्यावर पाणी ठिबकत होते. तिला त्याचे भान नव्हते.

"ताई, मी चोर नाही. पण रविवारपर्यंत गोधडी मिळाली नाही, तर प्राचार्य पोलिसांत जाणार. मग माझी पदवीही गेली आणि व्हिसाही."

नावन गावापलीकडील किलब्रॅक हे मेथडिस्ट पंथाचे चिमुकले कॉलेज. शतकापूर्वी एका धर्मोपदेशकाने ते स्थापिले. भाषा, संगीत आणि वनस्पतिशास्त्र तेथे एकाच छपराखाली शिकविले जाई. कॉलेज सोडताना प्रत्येक विद्यार्थी एका पांढऱ्या गोधडीवर लाल धाग्याने आपले नाव शिवी. तीच त्या कॉलेजची बखर. येत्या रविवारी शेवटची प्रार्थना होऊन कॉलेज कायमचे बंद व्हायचे होते. देवयानी तेथील अखेरची विद्यार्थिनी. गोधडी सांभाळणारे वृद्ध प्रोफेसर बॉइड गेल्याच आठवड्यात झोपेत वारले होते.

"गोधडीबद्दल ते काही बोलले होते?"

"गेले त्याच्या आदल्या दिवशी त्यांचा फोन आला होता. प्रेसला आहे, ये बघायला, म्हणाले. मला वाटलं, इस्त्री होऊन आली की जाईन. प्राचार्यांना मी तेच सांगितलं, लाँड्रीत आहे म्हणून. पण लाँड्रीवाला म्हणतो, आलीच नाही. आता सगळे म्हणतात, मीच विकली."

"वहिनी, लाँड्रीवालाच चोर!" गाडीत बसता बसता नंदकुमारने निकाल दिला. तो उल्काचा धाकटा दीर आणि तिच्या प्रत्येक तपासातला सारथी.

"भाऊजी, आधी पट्टा लावा. फाशी नंतर द्या."

लाँड्रीवाला मात्र खो खो हसला. "बॉइड? त्या माणसानं जन्मात माझ्याकडे रुमालसुद्धा दिला नाही. सगळं घरीच धुवायचा."

प्राचार्य रेव्हरंड हॅमिल्टन हसले नाहीत.

"प्रोफेसरांचं घर शोधलंत?" उल्काने विचारले.

"कशासाठी? गोधडी घराबाहेर गेली, हे त्या मुलीनंच सांगितलं ना!"

बॉइड यांच्या घराची किल्ली शेजारच्या मिसेस कोलगन यांच्याकडे होती. त्यांनी स्वयंपाकघरात किटली चढवली. "थंडीनं गारठला असाल. कप प्रेसमध्ये आहेत, घ्या हं."

उल्काने उठून भिंतीतल्या कपाटातून कप काढले. नंदकुमारला फक्त चहा दिसला.

"शेवटचे दिवस कसे गेले त्यांचे?"

"विचारलं की म्हणायचे, ग्रँड, अगदी मजेत! पण बोटं सुईनं टोचून लाल झालेली. दिसायचं नाही, म्हणून सुईत दोरा माझ्याकडून ओवून घ्यायचे. शेवटी टबात एकट्यानं काहीतरी मोठं धुतलं. मला हात लावू देईनात."

उल्काने कप खाली ठेवला. "भाऊजी, प्राचार्यांना आणि देवयानीला इथं घेऊन या."

सर्व मंडळी त्या अरुंद स्वयंपाकघरात जमली.

"देवयानी, फोनवरचे शब्द जसेच्या तसे सांग. इंग्रजीत."

"इट्स इन द हॉट प्रेस."

मिसेस कोलगन यांचा हात तोंडाकडे गेला. प्राचार्यांचा चेहरा पांढराफटक पडला. नंदकुमार तेवढा सर्वांकडे पाहत राहिला.

"अहो, गरम इस्त्रीच ना?"

"आपल्याकडे, भाऊजी. इथं प्रेस म्हणजे कपाट. मघाशी कप कुठून निघाले? आणि हॉट प्रेस म्हणजे गरम पाण्याच्या टाकीचं कपाट, धुतलेलं वाळत ठेवायचं. देवयानीनं तो शब्द मनातल्या मनात आपल्या भाषेत फिरवला आणि तुम्हाला लाँड्री सांगितली, रेव्हरंड. मूळ शब्द कानावर पडता, तर तुम्ही तत्क्षणी जिना चढला असता. लाँड्रीला ते काही देत नसत. टबात धुतलं ते मोठं काय, हे आता उघड आहे."

"पण सुई कशाला?" प्राचार्यांनी क्षीण स्वरात विचारले.

उल्का देवयानीकडे वळली. "तू तुझं नाव शिवलं होतंस?"

"प्रबंध झाला की शिवते, असं म्हणत राहिले."

माडीवरच्या कपाटात, टॉवेलांमागे, गोधडी घडी करून ठेवलेली होती. एका कोपऱ्यात लाल धाग्याची वेडीवाकडी अक्षरे होती. टाके कुठे कुठे दोनदा उसवून पुन्हा घातलेले दिसत होते. नाव पुरे होते: देवयानी. तेही देवनागरीत. तिच्या प्रबंधाच्या कच्च्या प्रतीवर मराठीत लिहिलेल्या नावावरून त्यांनी अक्षर न् अक्षर उतरविले असावे.

"मिस, मी तुमचा अपराधी आहे," प्राचार्य म्हणाले.

देवयानीने ते ऐकले की नाही, कोण जाणे. "ताई, ते इस्त्रीचं सांगत नव्हते. मला बोलावत होते. मी त्या संध्याकाळी मोकळी होते हो. घरीच बसून होते."

उल्काने गोधडी उचलून तिच्या हातांत दिली.

माणूस गेल्यावरही ती टाकी नेमाने तापत राहिली होती. गोधडी अजून उबदार होती. प्रार्थनागृहात नेण्यासाठी प्राचार्यांनी हात पुढे केले. देवयानीने ती छातीशी धरली आणि नकारार्थी मान हलविली. प्राचार्यांनी हात मागे घेतले, आणि सारे तिथेच जिन्यात तिच्यासाठी थांबून राहिले.