वाटाडीचा चेहरा

चित्रातल्या हेल्मेटवाल्या मुलीची सावली साधारण तीन सेंटिमीटर लांब होती आणि डावीकडे झुकली होती. सावली एकच होती. तिच्या डोक्यावरच्या आकाशात मात्र सूर्य दोन होते. एक मोठा, उजवीकडे. दुसरा लहान, क्षितिजाच्या जरासा वर.

झेरॉक्सच्या दुकानात माझ्या पुढे उभ्या असलेल्या माणसाची ती पानं होती. मला कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी चाळीस प्रती काढायच्या होत्या आणि रांग हलत नव्हती, म्हणून मी बघत राहिले. अनोळखी माणसाच्या कामात नाक खुपसायची मला सवय नाही. पण चूक दिसली की गप्पही बसवत नाही.

"सूर्य दोन आहेत ना?" मी म्हणाले. "मग सावली एकच कशी?"

त्याने आधी पानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्याच्या करंगळीची कड शाईने काळी झाली होती.

"ढगाळ आहे म्हणा."

"ढगाळ असेल तर एकही नको."

"शिकवता का तुम्ही?"

"प्रयोगशाळेत असते. भौतिकशास्त्र."

"वाटलंच. रागवायची पद्धत..."

"मी रागावले नाही. विचारलं."

त्याने दुकानदाराच्या कानामागची पेन्सिल मागून घेतली आणि माझ्यापुढे धरली. "मग काढूनच दाखवा."

मी पान काउंटरवर ठेवून दुसरी सावली काढली. लांब, कारण तो सूर्य खाली होता. फिकट, कारण तो लहान होता.

"इतकी फिकट?" तो वाकून म्हणाला. "कुणाला दिसणार ही?"

"बघणाऱ्याला," मी म्हणाले, आणि का कोण जाणे, माझे कान गरम झाले.

"ताई," रांगेतला मागचा माणूस म्हणाला, "सावल्या पाडून झाल्या असतील तर पुढे सरका."

ती पानं ज्याची, तो चित्रकार होता. पाच भागांची एक चित्रकादंबरी करत होता. पहिला भाग छापून झाला होता. गोष्ट अशी, की एक ग्रह विझत चाललाय आणि तिथून शेवटचं यान निघून जातं. ज्यांचं ते यान चुकतं, असे चौघं एक भंगार मालवाहू यान दुरुस्त करतात आणि निघतात. नात्याचं कुणी कुणाचं नाही. दुसऱ्या भागापर्यंत ते भांडी कुणी घासायची यावरून भांडायला लागलेले असतात. यानाचं नाव 'उरलेसुरले'.

"माझ्या यानात शास्त्र कळणारं कुणी नाही," तो म्हणाला. "शनिवारी याल?"

शनिवारी गेले. मग बुधवारीही जायला लागले. मग कॉलेज सुटलं की पाय आपोआप तिकडेच वळायला लागले.

सायकलदुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एका जुन्या दाराची फळी पाय लावून टेबल केलेली, भोवती चार खुर्च्या, चारही वेगळ्या. खिडकीजवळच्या खुर्चीवर कागदांचा गठ्ठा होता, वर धुळीचा थर. पहिल्या दिवशी चित्रकाराने तो उचलून कपाटावर टाकला आणि मला म्हणाला, "बसा." तेव्हा रंग भरणाऱ्या बाईंचा कुंचला पाण्यात थांबला, आणि त्यांनी समोरच्या म्हाताऱ्या गृहस्थांकडे पाहिलं. मी हे टिपलं. पण नोंद करणं म्हणजे उमगणं नव्हे.

त्या बाई म्हणजे ताई. सासरहून एक पिशवी आणि चुकून दुसऱ्याचीच छत्री घेऊन निघालेल्या, ते इथे पोचल्या. म्हातारे गृहस्थ म्हणजे काका. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. आता पात्रांच्या तोंडचे फुगे लिहीत. त्यांच्या मुलाचा सहा वर्षांत फोन नव्हता. चित्रकाराला मागेपुढे कुणी नव्हतंच.

मलाही फारसं कुणी नव्हतं. वसतिगृहाच्या खोलीत माझी वाट बघणारी एकच गोष्ट होती, गळका नळ.

"सावलीबाई आल्या," मी दारात दिसले की ताई म्हणत. "काका, दिवा नीट लावा. नाहीतर तुमचीही दुरुस्ती करतील."

"माझी दुरुस्ती होत नाही आता," काका म्हणत. "सुटे भाग मिळत नाहीत."

यानाचा पांढऱ्या मिशांचा कप्तान म्हणजे काका, हे उघड होतं. इंजिनवाली म्हणजे ताई. नकाशे काढणारा वेंधळा म्हणजे तो स्वतः.

"आणि मी?" एकदा विचारलंच.

"तू वाटाडी."

वाटाडी यानाला रस्ता दाखवायची. हेल्मेट घालून, काळ्या काचेआड. तिचा चेहरा अजून एकाही चौकटीत दिसला नव्हता.

"पण ती पहिल्या भागातही आहे. तेव्हा मी कुठे होते?"

"तेव्हा चेहरा ठरला नव्हता." त्याने मान वर केली नाही. "शेवटच्या पानावर हेल्मेट उतरेल. मला जे सांगायचंय ना... ते तिथेच सांगेन."

"आत्ता सांगितलं तर?"

"तर तू शेवटच्या पानापर्यंत येणार नाहीस."

पुढच्या भागांत वाटाडी आकडेमोड करताना अंगठ्याने बोटांची पेरं दाबायला लागली. जिने चढताना पायऱ्या मोजायला लागली. दोन्ही खोडी माझ्या. काच काळी होती, पण आत कोण आहे याबद्दल मला शंका उरली नाही.

चौथ्या भागाची पानं छापखान्यात न्यायची होती त्या दिवशी पाऊस होता आणि छत्री एकच.

"पानांवर धर," तो म्हणाला.

"आणि आपण?"

"आपण वाळतो. शाई एकदा पसरली की पसरली."

मी दांडा धरला होता. त्याने माझ्या बोटांवरूनच धरला. अख्खा रस्ता तसेच चाललो, खांदे भिजलेले, मध्ये कोरडा गठ्ठा.

"हात दुखतोय?"

"नाही," मी म्हणाले.

"माझाही नाही."

दोघांचेही दुखत होते.

पाचवा भाग संपत आला तेव्हा मला पत्र आलं. दूरच्या डोंगरावरच्या वेधशाळेत जागा मिळाली होती, दोन दिवसांच्या प्रवासावर. अशी नोकरी मागून मिळत नाही. मी दोनदा मुदत वाढवून घेतली. तिसऱ्यांदा त्यांनी कळवलं, महिनाअखेरपर्यंत हो किंवा नाही. घरात, म्हणजे त्या दोन खोल्यांत, मी कुणाला बोलले नाही. मी शेवटच्या पानाची वाट बघत होते. ते आलं की उत्तर आपोआप ठरेल, असं धरून चालले होते.

ते एका शनिवारी सकाळी आलं. ताईंनी चहा ओतला होता. चित्रकाराने पान उलटं टेबलावर ठेवलं, हात पुसले, आणि सुलटं केलं.

"बघ," तो म्हणाला. "कशी आहेस?"

हेल्मेट काखेत धरून वाटाडी उभी होती. पायाशी दोन सावल्या, एक गडद, एक फिकट, दोन्ही अचूक. कपाळ रुंद, हनुवटी निमुळती, डावी भुवई किंचित वर, जणू आत्ता हसेल. चेहरा सुंदर होता.

माझी हनुवटी गोल आहे. भुवया सरळ आहेत.

कुणीतरी काही बोलेल म्हणून मी थांबले. काकांनी पेन खाली ठेवलं. ताई उठून स्वयंपाकघरात गेल्या, पण आतून कसलाच आवाज आला नाही.

"आवडली नाही?"

"छान आहे," मी म्हणाले. "कोण आहे ही?"

तो हसला. "काय, कोण..." मग त्याने पानाकडे पाहिलं. सबंध सत्राची निरीक्षणं चुकीच्या पट्टीने घेतली गेली, हे शेवटच्या दिवशी कळलेल्या मुलाचा चेहरा मी पाहिलेला आहे. त्याचा तसा झाला.

त्याने नवा कागद घेतला. मग आणखी एक. मी समोर बसले आणि त्याने माझ्याकडे बघत काढलं, तेव्हा कागदावर मी आले, कपाळावरच्या व्रणासकट.

"आता बघू नकोस," मी म्हणाले, आणि त्याच्या मागे जाऊन उभी राहिले.

चौथ्या रेघेला हनुवटी निमुळती झाली.

"मी तुझाच विचार करतोय," तो म्हणाला. "शपथ... तुझाच."

"माहीत आहे. परत काढ."

अकरा कागद झाले. अकराव्यालाही भुवई वर गेली, तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले. ताई ओट्याला टेकून उभ्या होत्या.

"पहिला भाग तिने लिहिला," मी विचारायच्या आतच त्या म्हणाल्या. "तू यायच्या वर्षभर आधी गेली. भांडण नाही, काही नाही. एक दिवस आलो, तर तिच्या खुर्चीवर पानांचा गठ्ठा. चिठ्ठीसुद्धा नाही."

"तुम्हाला माहीत होतं."

"वाटलं, हळूहळू सुटेल हात." त्यांनी पदराने कोरडाच कप पुसला. "आणि आम्ही तरी कोण गं? काकांना पाटी लिहायला दिली तर दुकानाच्या नावाऐवजी मुलाचं नाव लिहून बसले होते एकदा. मला तुझ्यात माझी धाकटी बहीण दिसते. इथे सगळेच कुणाच्या ना कुणाच्या जागी बसलोय. काय वाईट आहे त्यात?"

मी खरंच विचार केला.

"वाईट काही नाही," मी म्हणाले. "पण तुम्हाला माहीत होतं मी कुणाच्या जागी आहे ते. मलाच नव्हतं."

बाहेर आले तेव्हा अकरा कागद टेबलावर ओळीने मांडलेले होते. तो त्यांच्याकडे बघत होता.

"उद्या दिवसभर समोर बस," तो म्हणाला. "मी तुला बघून काढतो. नीट काढतो. पान बदलू आपण."

"आणि परवा?"

"परवा काय?"

"परवा मी समोर नसेन तेव्हा."

त्याने पेन्सिल खाली ठेवली. मग हळूच म्हणाला, "माझं प्रेम आहे तुझ्यावर. हे खोटं नाही."

तीन वर्षं मी याच वाक्याची वाट पाहिली होती. ते आलं, आणि मला त्या अकरा कागदांच्या पलीकडून आल्यासारखं ऐकू आलं.

"खोटं म्हणत नाही मी," मी म्हणाले. "अचूक नाही म्हणते."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण आवाज नीट लागला. मी माझ्या खुर्चीत बसले. तिच्या खुर्चीत.

काकांना भांडणं सहन होत नाहीत. त्यांनी मूळ पान स्वतःपुढे ओढलं. वाटाडीच्या तोंडाजवळचा फुगा रिकामा होता. तिचं शेवटचं वाक्य सगळ्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं: 'आता मी इथलीच.'

"काय करू?" काका विचारत होते पानाला, पण बघत होते माझ्याकडे. "लिहू का, पोरी?"

चित्रकाराने मान वर केली. ताई दारात आल्या. खाली सायकलच्या चाकात कुणीतरी हवा भरत होतं; पंपाचे ठोके मी मोजले, नऊ.

हो म्हणणं सोपं होतं. काका आनंदाने लिहितील, ताई परत चहा टाकतील, मी उद्या समोर बसेन. पुढे कधीतरी त्याचा हात सुटेलही. शक्यता शून्य नव्हती. पण तोवर रोज त्याने कागद उचलला की मी हनुवटीकडे बघणार, आणि मी बघते आहे हे त्याला कळणार.

"तिच्या तोंडी लिहा, काका," मी म्हणाले. "वाक्य तिचंच आहे. चेहराही तिचाच राहू द्या. सावल्या बरोबर आल्यात."

"आणि तुझं?"

मी उठले. खुर्ची टेबलाच्या आत सरकवली. तिच्यावर काही ठेवलं नाही, ना पिशवी, ना कागद. ती कुणालाही बसता येईल अशी रिकामी दिसायला हवी होती.

"माझं मी तोंडाने सांगते," मी म्हणाले, आणि तिघांकडे एकेक करून पाहिलं, त्याच्याकडे शेवटी. "मला वेधशाळेत नोकरी लागली आहे. मी जाते आहे."