झोपवलेली झाडं

पहिली कुंडी भिंतीवर फुटली तेव्हा थोरली सिंकपाशी हात धूत होती. दुसरी फुटली तेव्हा ती धावत मध्ये पडली, आणि तिसरीला हात घालण्याआधी धाकट्याने तिच्या डाव्या कानशिलात अशी सणसणीत ठेवून दिली की खोलीतले सगळे आवाज एकदम लांब गेले... राहिली ती फक्त एक बारीक शिट्टी, कानाच्या आत, थांबायचं नाव न घेणारी.

तो तिचा सख्खा भाऊ. मटणाच्या दुकानात तोडणीचं काम करणारा, दाराएवढ्या छातीचा. मोठ्या बहिणीला आयुष्यात फक्त "ताई" म्हणत आलेल्या त्या तोंडातून आज एकच शब्द निघत होता... खुनी.

कारण काय, तर मिरचीची झाडं!

आईला हा नाद लागला तो धाकटा घर सोडून गेल्यावर. गॅलरीत ओळीने कुंड्या, आणि मोसमात नुसत्या लालभडक मिरच्या. आईच्या अंत्यविधीला धाकटा इतक्या वर्षांनी घरात आला, गॅलरीत उभा राहिला आणि म्हणाला, मला आईचं दुसरं काही नको, एवढी झाडं दे. थोरली म्हणाली होती, थंडी संपू दे, मग ने. आणि आज तो न सांगता आला, तर गॅलरी रिकामी! खिडकीपाशी लहान लहान कुंड्यांत वीतभर उंचीची वाळकी खुंटं. एक पान नाही, एक फांदी नाही. खाली वर्तमानपत्रावर शेवटच्या मिरच्या वाळत पसरलेल्या, आणि त्यांच्याशेजारी कात्री.

"हे काय केलंस?" त्याने विचारलं.

"झोपवलीत रे मी त्यांना," ती सहज बोलून गेली.

तो आईचाच शब्द होता. कडाक्याची थंडी पडायच्या आत झाड पार खुंटापर्यंत छाटायचं, एकूण एक पान ओरबाडायचं म्हणजे माव्याची कीड घरात शिरत नाही, मुळं धुऊन लहान कुंडीत बसवायची आणि घोट घोट पाण्यावर थंडी काढायची. याला आई झोपवणं म्हणायची. पण धाकट्याला यातलं काय ठाऊक? त्याने तो शब्द थोरलीच्या तोंडून एकदाच ऐकला होता, फोनवर, आईच्या शेवटच्या संध्याकाळी. आईशी दोन शब्द बोलू दे म्हणून तो रडत होता. थोरली म्हणाली होती, थांब देते. मग नुसती शांतता. तो आई, आई करत राहिला, सगळं बोलून गेला, जे इतकी वर्षं छातीत कुजत पडलं होतं ते सगळं... आणि उत्तर आलं ते थोरलीचं. आईला झोपवलंय, आता नाही उठवत. सकाळी आई गेली.

"आईलाही अशीच झोपवलीस ना?" तो ओरडला. "फोन दिलाच नाहीस तिला. माझं तिच्यापर्यंत पोचूच दिलं नाहीस. आता तिची झाडंसुद्धा मारलीस."

आपल्या समाजात बहिणीवर हात उचलणाऱ्याला रागीट म्हणतात. रागीट आहे पण मनाचा चांगला, म्हणतात. मी तसं म्हणणार नाही. तो जनावरासारखा वागला. त्याने वाळत घातलेल्या मिरच्या मुठीमुठीने चुरून तिच्या अंगावर फेकल्या, भांड्यांची मांडणी पायाने ढकलली, भांडी खाली आली. आणि ती? तिच्या ओठांवर एक वाक्य येऊन उभं होतं, जे बोललं असतं तर हा दाराएवढा माणूस जागच्या जागी कोसळला असता... त्या वाक्याला तिने दातांखाली दाबून धरलं, आणि उरलेल्यांतल्या सगळ्यात जुन्या झाडावर आडवी झाली.

त्याने लाकडी स्टूल उचललं. नेम कुंडीवर होता. खुंटाभोवती तिचा उजवा हात होता.

हाड मोडल्याचा आवाज त्याच्या रोजच्या ओळखीचा. दिवसभर तोच ऐकायचा धंदा त्याचा. तो आवाज झाला आणि त्याच्या हातातून स्टूल गळून पडलं. "अरे देवा," एवढंच तो पुटपुटला आणि त्याने दोन्ही तळवे तोंडावर घासले.

त्या तळव्यांना मिरची होती.

मग जे ओरडणं सुरू झालं ते ऐकून खालच्या मजल्यावरची मावशी धापा टाकत वर आली. बघते तर हा एवढा मोठा गडी फरशीवर गडाबडा लोळतोय, आणि थोरली, मोडलेला उजवा हात छातीशी धरून, डाव्या हाताने त्याच्या डोळ्यांत दुधाचं पातेलं रितं करतेय. "डोळे उघड, उघड डोळे, चोळू नकोस मेल्या," ती सांगत होती. वेदनेने तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण पातेल्याची धार हलत नव्हती.

मावशीने हात पाहिला, खुंटं पाहिली आणि सगळं ओळखलं. ती तोंडाची फाटकी. तिने त्याच्या पाठीत चप्पल हाणली आणि सुनावलं, की कसाई आहेस तर दुकानात राहा.

"तिने फोन दिला नाही म्हणतोस? त्या संध्याकाळी मी दारात उभी होते. आईच्या हातात होता फोन. कानाला लावून बसली होती, तुझं संपेपर्यंत."

धाकटा उठून बसला. डोळे सुजून मिटलेले, गालांवरून दूध आणि पाणी एकत्र ओघळत होतं. मग अगदी लहान आवाजात त्याने विचारलं,

"कुठल्या कानाला?"

याच प्रश्नाला घाबरून थोरली तेव्हा फोनवर खोटं बोलली होती! घर सोडण्याआधी धाकट्याने आईलाही मारलं होतं, अशीच एक, डाव्या कानशिलात, आणि आईचा तो कान कायमचा गेला होता. त्या संध्याकाळी आईने फोन उजव्या हातात घेतला होता. ऐकू येणाऱ्या कानापर्यंत नेलाही होता. मग तिने थोरलीच्या डोळ्यांत पाहिलं... आणि हात बदलला. लेकाने फोडलेल्या कानाला लावला फोन, आणि तो बोलायचा थांबेपर्यंत तसाच धरून ठेवला. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"डाव्या," थोरली म्हणाली.

मावशी खाली बघू लागली.

"उजवा हात सुजला होता रे तिचा," थोरली पुढे म्हणाली, अगदी रोजचं काही सांगावं तशी. "उचलतच नव्हता. म्हणून डाव्यात दिला. कान कुठला ते ना तिच्या ध्यानात आलं, ना माझ्या. तिला काही ऐकूच गेलं नाही. ऐकलं असतं तर बोलली असती."

तो तिच्या पायांवर पडून रडला. मिरचीने की कशाने, ते त्याचं त्याला ठाऊक. थोरलीने त्याच्या डोक्यावर हात ठेवला नाही. एक हात मोडला होता, दुसऱ्यात पातेलं होतं. "फरशी पुस," ती म्हणाली, "आणि झाडं उचल. मुळं वाळतायत."

तो चाचपडत गोळा करू लागला. मेलेली का उचलायची, असं त्याने विचारलं, तेव्हा तिने एक खुंट घेतलं आणि अंगठ्याच्या नखाने साल जराशी खरवडली. सुजलेल्या डोळ्याची फट मोठी करून त्याने पाहिलं. आत हिरवं होतं. ओलं, कोवळं, लख्ख हिरवं.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? जिन्यावरून पडले, हे थोरलीच्या तोंडात तयारच होतं. पण तिने तोंड उघडायच्या आत धाकटा म्हणाला, "मी मोडला." आणि डॉक्टर पोलिसांना कळवायला फोनकडे वळले तरी तो उठून गेला नाही. जे भोगायचं ते त्याने भोगलं.

माफ केलं का तिने? ते तिने कधी सांगितलं नाही. ती काम करायची त्या गाद्यांच्या कारखान्यातलं तिचं शिलाईचं मशीन दुसरीला मिळालं. बोटं पुरती मिटत नव्हती, म्हणून तिला आता धागे कापायला बसवलं होतं. धाकटा सुटीच्या दिवशी यायचा, कपाने घोट घोट पाणी घालायचा, एका खुंटाची साल तेवढी नखाने खरवडून पाहायचा आणि जायचा. भिंतीवर फुटलेल्या कुंड्यांतली दोन काळी पडून मेली. स्टुलाखालचं राहिलं होतं.

ऊन तापायला लागलं त्या दिवसांत एका दुपारी कारखान्यात तिचा फोन वाजला. उजव्या हातात धरवेना, म्हणून तिने डाव्यात घेतला आणि डाव्याच कानाला लावला. शिट्टी. त्या तडाख्यापासून त्या कानात दुसरं काही शिरतच नव्हतं. पलीकडे कुणीतरी बोलतंय एवढंच कळत होतं.

ती क्षणभर तशीच थांबली. फोन तसाच ठेवला असता तरी कुणाला कळलं नसतं.

मग तिने डावा हात तोंडासमोरून आडवा नेला आणि फोन उजव्या कानाला टेकवला.

"ताई," धाकटा सांगत होता, "ताई, उठलं गं."