दुपारी पाणी पिणारा बैल

फट्.

भट्टीच्या जाड दाराआड काहीतरी फुटलं. मग फट्, फट्, फट्. यासेर बोटांवर मोजत होता. दहा बोटं संपली तेव्हा त्यानं पायाचा अंगठा धरला.

"अकरा," तो म्हणाला.

"गप रे," मलिकानं भावाला कोपर मारलं.

त्यांच्या मावशीनं, शबानाखालानं, विजेचा खटका बंद केला आणि ती स्टुलावर मटकन बसली. भट्टीपासून पाच पावलांवर खडूची रेघ होती. पोरांनी ती ओलांडायची नाही, हा खालाचा कायदा. म्हणून मलिका, यासेर आणि लातूरहून सुट्टीला मामाकडे आलेली तनुजा, तिघं रेघेमागूनच तिच्याकडे बघत राहिले.

रेणापूरच्या या हस्तकला केंद्रात खाला मातीचे बैल करायची. देवणीच्या जनावरांच्या प्रदर्शनात बक्षीस म्हणून द्यायला चोवीस बैल हवे होते. पहिल्या भट्टीत सहा फुटले. आता अकरा.

आवाज ऐकून केंद्राचे व्यवस्थापक उमाशंकरकाका आले. पांढरी पँट, पांढरा शर्ट, मिशीला कंगवा फिरवलेला.

"शबानाबाई, तुमची मातीच खराब हाय. तिसऱ्यांदा फुटलं तर भट्टीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवा. मशीन लोकांच्या हवाली करायची म्हणजे जिम्मेदारी असते."

खालानं नुसती मान खाली घातली. तनुजाला तेच खटकलं. एरवी खाला भाजीवाल्याशीही दहा मिनिटं भांडायची.

काका गेल्यावर तनुजानं विचारलं, "खाला, बैल फुटतो कशानं?"

"पाण्यानं, बेटा. अंगात ओल राहिली आणि भट्टी तापली की त्या ओलीची वाफ होते. वाफेला वाट मिळाली न्हाई की ती बैल फोडून निघते. म्हणून तर मी पोटं पोकळ करते, खालून भोक ठेवते, आठ-आठ दिवस सावलीत वाळवते. आज सकाळी एकेक गालाला लावून बघितला. ओला असता तर गार लागला असता. सगळे कोरडे ठणठणीत."

"आणि भट्टीत भरायच्या आधी?"

"तेव्हा कशाला? सकाळी कोरडा होता तो संध्याकाळी ओला होतो का?"

तनुजानं वही काढली. तिला वहीत रकाने पाडायची खोडच होती; मामीच्या शेळ्या किती वाजता ओरडतात याचाही तिच्याकडे हिशेब होता. आता तिनं वर 'संशय' असं लिहिलं आणि खाली नावं: अंगणात पाइपानं पाणी मारणारे केंद्राचे शिपाई सटवाजीमामा. उमाशंकरकाका. यासेर. शबानाखाला.

मलिका भडकली. "माझी खाला? तिचेच बैल फुटले ना?"

"सगळ्यांवर सारखा संशय. नंतर एकेक खोडायचा."

"मग तुझं नाव कुठंय?"

तनुजानं खाली आपलंही नाव लिहिलं.

वाळवणीच्या खोलीत फळीवर एकच बैल उरला होता. तनुजानं स्वतः केलेला, एक शिंग हुकासारखं वाकलेला. बूड जाड झालं म्हणून खालानं तो भट्टीत घातला नव्हता. यासेरनं त्याचं नाव ठेवलं होतं वाकडशिंग्या. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी तनुजा मामीच्या स्वयंपाकघरातला वजनकाटा आणून त्याला तोलू लागली. दोन दिवस वजन घटत गेलं. तिसऱ्या सकाळी भरलं चारशे बारा ग्रॅम.

खाला एक वाजता खोलीला कुलूप लावून घरी जायची आणि चारला उघडायची. चारला तनुजानं पुन्हा बैल ठेवला. चारशे एकवीस.

"काटा बिघडला असंल," यासेर म्हणाला.

तनुजानं आपल्या मामाच्या घरून लोखंडी अर्धा किलोचं माप ठेवलं. काटा पाचशेवर थांबला. काटा खरं बोलत होता.

पुढच्या सकाळी वजन चारशे तेरा. चारला परत चारशे एकवीस.

"म्हणजे हा बैल," यासेर डोळे मोठे करून म्हणाला, "दुपारी पाणी पिऊन राहिला."

"कुलपाच्या आत," मलिका म्हणाली. तिनं बैल गालाला लावला आणि दचकली. गार होता. त्याच्या पाठीवर गवताची एक काडी चिकटली होती. तिनं ती हुंगली. "हा तर कूलरचा वाळा."

केंद्रात कूलर एकच होता. चाकांचा, ऑफिसातला. आणि भट्टीच्या व वाळवणीच्या खोल्यांची दुसरी किल्ली काकांच्या जुडग्यात होती.

"जाऊन विचारू काकांना," यासेर म्हणाला.

"मोठ्या माणसाला प्रश्न विचारला की तो आपलं वय विचारतो," तनुजा म्हणाली. "त्यापेक्षा त्यांच्या शर्टाला विचारू."

दुसऱ्या दिवशी खालानं कुलूप लावायच्या आधी तिघांनी वाळवणीच्या खोलीत सर्वांत खालच्या रिकाम्या फळीवर गेरूची पूड पातळ पसरली. खिडक्या बंद होत्या. वारा नसला तर गेरू हलायचं कारणच नव्हतं. मग "खाला, आज तीनलाच ये, एक गंमत हाय," असं सांगून मलिकानं तिला बोलावून घेतलं. सगळे लिंबाच्या सावलीत बसले. मे महिन्याचं ऊन. अंगणात कुत्रंसुद्धा नव्हतं.

साडेतीनला वाळवणीच्या खोलीचं दार आतून उघडलं. आधी कूलर बाहेर आला. त्यामागून तो ढकलत सटवाजीमामा. त्यामागून उमाशंकरकाका, आळस देत. पांढरा शर्ट विटकरी झाला होता, मिशी तर पार लाल.

काकांनी शर्ट झटकला.

"आज धूळ लई हाय," काका म्हणाले.

"हाव," तनुजा म्हणाली. "पण काका, खिडक्या बंद असताना वारा कुठनं आला?"

काका सटवाजीमामांकडे बघायला लागले.

"मी सांगतो," मामा म्हणाले. "दुपारी ऑफिसातली वीज जाते. भट्टीची लाइन वेगळी, ती जात न्हाई. साहेब म्हणले, कूलर हिकडंच लाव, घटकाभर पडतो."

तनुजानं वाकडशिंग्या आणून सगळ्यांसमोर काट्यावर ठेवला. सकाळी चारशे बारा होता, आता चारशे बावीस.

खाला उठली. तिचा आवाज परत आला होता. "साहेब, बंद खोलीत दोन दोन तास ओली हवा! आणि माती माझी खराब?"

"तुम्हीच म्हणला होता ना," काका पुटपुटले, "मातीला ऊन न्हाई, सावली पाहिजे. मला वाटलं, गार हवेनं आणखी बरं होईल."

"सावली म्हणले होते. पावसाळा न्हाई."

त्यानंतर घाई कुणीच केली नाही. आधी न फुटलेल्यांनाही तडे गेले होते, म्हणून खालानं चोवीसही बैल नव्यानं केले, आठ दिवस वाळवले. सलग तीन वेळा, सकाळी आणि चारला, वजन तेच भरलं तेव्हाच भट्टी भरली. भट्टीच्या वरच्या भोकाची गुडदी, म्हणजे बूच, काढून ठेवली, आच अगदी मंद. दर अर्ध्या तासानं ती चिमट्यात धरून छोटा आरसा भोकासमोर नेई. आरसा धुरकटला की "अजून वाफ हाय" म्हणे. आरसा स्वच्छ राहिला तेव्हाच गुडदी लावली आणि आच वाढवली. रेघेमागं तिघं कान देऊन उभे होते. फट् ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्यांत उतावळे काका. त्यांचा हात दाराकडे गेला तसा यासेर ओरडला, "काका, रेघ! भट्टीवरचा आकडा अजून एकशे चाळीस डिग्री हाय."

काका मागं सरकले. थेट दुपारपर्यंत सगळ्यांनी वाट पाहिली.

दार उघडलं. चोवीसच्या चोवीस बैल, तांबडे, अखंड. आणि कोपऱ्यात पंचविसावा, बूड खरवडून पातळ केलेला वाकडशिंग्या.

खालानं तनुजाची वही मागितली. संशयाच्या पानावर काका आणि सटवाजीमामांपुढं 'सापडले' लिहिलेलं, दोन नावं खोडलेली, एक तसंच. "माझंच नाव ठेवलंस की गं अजून?"

"भट्टी उघडून मातीची खात्री व्हायची होती ना," तनुजा म्हणाली आणि तिनं ते खोडलं.

"ही पोरगी मोठेपणी भल्याभल्यांना घाम फोडणार," काका म्हणाले. "तिघं लई हुशार. चूक माझी होती, शबानाबाई. तुमची माती सोन्यासारखी हाय."

खालानं पदराच्या गाठीतली भट्टीची किल्ली काढून त्यांच्यापुढं धरली. "तुमच्या टेबलावर ठेवू का?"

काकांनी ती घेतली नाही. उलट खिशातलं जुडगं काढून त्यातली आपलीही किल्ली सोडवली आणि दोन्ही कुठं ठेवाव्यात म्हणून इकडंतिकडं बघू लागले.

तनुजानं वाकडशिंग्या पुढं केला. त्याच्या हुकासारख्या शिंगाला दोन्ही किल्ल्या बरोबर अडकल्या.